विंडरश आणि कंपाला: ब्रिटनमधल्या दोन आठवणी

जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरलेल्या अनेक जमैकन लोकांना ब्रिटन ही मायभूमीच वाटत होती. शाळेत तेच शिकवलेलं. काहीजण तर महायुद्धात ब्रिटनसाठी लढलेले. मग भाड्याची खोली मिळेना. २०१८ मध्ये उघड झालं, की उभं आयुष्य इथे काढलेल्या म्हाताऱ्यांकडे इथे राहण्याच्या हक्काचे कागद मागितले जात होते. त्यांच्या लेखी इंग्रजी राज्य म्हणजे आधी गुलामी. ती संपवताना ब्रिटनने दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. राबलेल्यांना दमडीही नाही! हा हिशेब मागणं मला पूर्ण रास्त वाटतं.

१९७२ मध्ये युगांडातून (राजधानी कंपाला) आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची गोष्ट निराळी. तिथला हुकूमशहा इदी अमीनने ९० दिवसांत देश सोडायला लावला, आसरा ब्रिटनने दिला. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात कृतज्ञता जास्त. ती मला कळते, पण अपुरी वाटते. वर गोरे, मध्ये हिंदी व्यापारी, खाली आफ्रिकी, ही उतरंड वसाहतीनेच पोसली होती आणि तिच्यावरचा रोष अमीनने वापरून घेतला. शिवाय स्वागत तरी कसलं? इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या तिथल्या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली होती: इकडे येऊ नका. तरी हजारो लोक लेस्टरलाच गेले.