स्लाइडरूम: चित्रांसाठी उत्तम, असिस्टंटशिपसाठी अपुरे

अमेरिकेतल्या विद्यापीठात एमएफए (कलेतली पदव्युत्तर पदवी) करायचे आणि कला विभागात टीचिंग असिस्टंटशिपही (शिकवण्यात मदत करून त्याबदल्यात ट्यूशन माफी आणि मानधन) हवी, तर पोर्टफोलिओ बऱ्याच ठिकाणी स्लाइडरूम या संकेतस्थळावर भरावा लागतो. पोर्टफोलिओसाठी पाचपैकी चार गुण. असिस्टंटशिपसाठी अडीच, कारण शिकवण्याची बाजू इथे आपणहून मांडावी लागते आणि नाशिकचे अर्जदार नेमकी तीच कोरी सोडतात.

सोय चांगली आहे. अर्ज अर्धवट ठेवता येतो, चित्रांचा क्रम ओढून बदलता येतो, प्रत्येक चित्राला शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार असे रकाने आहेत. चित्राच्या फाइलला ५ एमबीची मर्यादा आहे; लांब बाजू १२८० पिक्सेल ठेवली तर काही अडत नाही. सबमिट केल्यावर मात्र चित्र बदलत नाही आणि स्लाइडरूमची फीही परत मिळत नाही. विद्यापीठाची अर्ज-फी बहुधा वेगळी असते.

बिघडतो तो रंग. छपाईच्या दुकानातून आणलेली फाइल सीएमवायके (छपाईच्या शाईसाठीची रंगपद्धत) असते, ती पडद्यावर मळकट किंवा भडक दिसते; एसआरजीबी (पडद्यासाठीची रंगपद्धत) जेपेग मागून घ्या. जलरंगाचे चित्र काचेच्या फ्रेममधून बाहेर काढूनच टिपा. निळ्या आकाशाखाली सावलीत काढलेल्या फोटोत कागदाचा पांढरा निळसर होतो, म्हणून चित्राशेजारी ग्रे कार्ड (एकसारख्या राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची पांढरा रंग ठरवणारी सेटिंग, लावा. मोबाइल जवळ नेला की चौकट वाकडी येते. मागे सरका, झूम करा आणि लेन्स चित्राच्या मध्यासमोर ठेवा.

बहुतेक विभाग १५ ते २० कामे मागतात. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांच्यासारख्यांमुळे निसर्गचित्रांची मोठी परंपरा आपल्याकडे आहे, पण वीसही चित्रे गोदाघाटाची असतील तर हात दिसतो, विचार दिसत नाही. असिस्टंटला पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग आणि टू-डी डिझाइन (सपाट पृष्ठभागावरची रचना) शिकवायला मदत करायची असते, म्हणून पेन्सिल-कोळशाची दोन-तीन कामे हवीतच.

आता शिकवण्याचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे क्लास घेणारे नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत. हा खरा अध्यापनाचा अनुभव आहे, आणि बायोडेटात तो 'ड्रॉइंग क्लासेस' एवढ्या दोन शब्दांत संपतो. परीक्षेचे नाव परदेशी समितीला कळणार नाही, काम कळेल. वस्तुचित्र म्हणजे निरीक्षणातून रेखाटन, संकल्पचित्र म्हणजे टू-डी डिझाइन. वर्गात मुले किती, वय काय, आठवड्याला किती तास हे लिहा. एक पाठ नीट सांगा: तांब्या आणि कांदा मांडला, मुलांनी आधी दोन वस्तूंमधली मोकळी जागा काढली, तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळे कुठे चुकली, ती कशी सुधारून घेतली. 'मला शिकवायला आवडते' या वाक्यापेक्षा हे दहा पट वजनदार. विद्यार्थ्यांच्या कामांचे फोटो पालकांना विचारून, नावे झाकून, एका पीडीएफमध्ये जोडा. त्यासाठी रकाना नसेल तर विभागाच्या समन्वयकाला ईमेल करून कुठे जोडायचे ते विचारा.

असिस्टंटशिपचा अर्ज कुठे प्रवेश-अर्जातच एका चौकोनावर टिक करून होतो, कुठे वेगळा फॉर्म असतो. टिक राहिली तर प्रवेश मिळतो, पैसे नाही. इंग्रजी परीक्षेत बोलण्याच्या गुणांची अटही असिस्टंटसाठी अनेकदा जास्त कडक असते.

शिफारसपत्राची लिंक सरांना ईमेलने जाते आणि स्पॅममध्ये पडून राहते. तीन आठवडे आधी पाठवून फोन करा. एक पत्र तरी तुम्हाला शिकवताना पाहिलेल्या व्यक्तीचे हवे. जी. डी. आर्टवाल्यांनी आधी विचारून घ्यावे: ती पदविका आहे आणि बहुतेक ग्रॅज्युएट स्कूलना पदवी लागते.

न्यूयॉर्कच्या वेळेने १५ जानेवारीच्या रात्री ११:५९ची मुदत म्हणजे आपल्याकडे १६ तारखेला सकाळी १०:२९. तरी दोन दिवस आधी भरा.

ऑफर आली तर पत्रात तीन गोष्टी शोधा: ट्यूशन माफी पूर्ण की अर्धी, इतर फी आणि आरोग्य विमा कोण भरणार, मानधन ९ महिन्यांचे की १२. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त कॅम्पसवर काम करता येत नाही, म्हणून उरलेला खर्च घरून येणार हे धरून चला. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या ग्रॅज्युएट स्कूलांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांत आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते. त्याआधी घाई करणारा ईमेल आला तर हा ठराव दाखवून मुदत मागा.