घडीचा लॅपटॉप स्टँड: घ्यावा, पण कीबोर्ड वेगळा असेल तरच

लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एकाची उंची नीट लावली की दुसऱ्याची बिघडते. अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा स्टँड यातला मान वाकण्याचा प्रश्न छान सोडवतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल इतकाच उचला. अंतर हातभर, साधारण ५० ते ७० सेंमी. बायफोकल चष्मा असेल तर आणखी खाली ठेवा, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि मान भरून येते.

खरा घोळ यापुढे होतो. उचललेल्या लॅपटॉपवरच टायपिंग केलं की खांदे वर चढतात, मनगटं वाकतात. दुखणं फक्त मानेवरून खांद्यावर सरकतं. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस हवेतच, दोन्ही एकाच पातळीवर, अंगाजवळ. कोपर ९० ते १०० अंशांत, मनगट सरळ. कीबोर्डचे मागचे पाय मिटलेलेच बरे.

घेताना बिजागरी तपासा: लॅपटॉप ठेवून पुढची कड बोटाने दाबा. स्टँड खाली बसत असेल आणि बिजागरीला आवळता येणारा स्क्रू नसेल, तर तो घेऊ नका.