वरच्या मुठीची बॅटरीवरची चेनसॉ : दहा महिन्यांच्या वापरानंतर

झाडांची छाटणी आणि बागांची देखभाल हा माझा रोजचा व्यवसाय असून त्यासाठी मी अनेक वर्षे पेट्रोलवरची चेनसॉ, म्हणजे फिरत्या चेनने कापणारी करवत, वापरत आलो. दहा महिन्यांपूर्वी तिच्या जोडीला बॅटरीवर चालणारी, वरच्या बाजूस मूठ असलेली, म्हणजे खास झाडावर चढून काम करणाऱ्यांसाठी बनवलेली लहान चेनसॉ घेतली. ३६ व्होल्टची मोटर, ३० सेंटीमीटरचा बार (म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी), कमी उंचीच्या दात्यांची ३/८ इंच पिचची चेन (पिच म्हणजे दुव्यांमधल्या अंतराचे माप) आणि ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या असा हा संच आहे. बॅटरी, बार आणि तेल धरून वजन चार किलोच्या आसपास भरते. पहिल्याच महिन्यात हा अनुभव लिहायला बसलो असतो तर केवळ कौतुक लिहिले गेले असते. तेव्हा जे गुण वाटत होते त्यांतले दोन, म्हणजे तिचा शांतपणा आणि हलकेपणा, पुढे माझ्या काही जुन्या सवयी बदलायला लावणारे ठरले, आणि या लिखाणाचा बराचसा भाग त्यांच्याविषयीच आहे.

आधी निर्विवाद फायदा सांगतो. झाडावर लटकलेल्या अवस्थेत पेट्रोलची करवत सुरू करणे हे नेहमीच जिकिरीचे काम असते. एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढायची, पायाखाली तिरकी फांदी, तोल पूर्णपणे कमरेच्या पट्ट्यावर. हा त्रास नको म्हणून कित्येक जण दोन घावांच्या मधल्या वेळेत इंजिन तसेच चालू ठेवतात आणि ती गुरगुरणारी करवत मांडीशेजारी लोंबकळत राहते. मीही ते केले आहे. बॅटरीच्या करवतीत ही वेळच येत नाही, कारण खटका सोडला की चेन थांबते, चेन अडवून धरणारा, मुठीसमोरचा ब्रेक पुढे ढकलून ती टांगता येते आणि पुन्हा हवी तेव्हा क्षणात चालू होते. केवळ या एका कारणासाठी मी ती पुन्हा घेईन.

आता तिच्या शांतपणाविषयी. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी ओल्या सालीचा लांब पापुद्रा चेन फिरवणाऱ्या चाकाच्या झाकणाखाली अडकला. जमिनीवर बसून, करवत मांडीवर घेऊन, हातमोज्यातल्या बोटांनी मी तो ओढून काढू लागलो. अर्धा निघाला, उरलेला चेनच्या दुव्यांत रुतला होता, म्हणून चेन हाताने थोडी पुढे सरकवायला गेलो आणि त्याच वेळी मुठीवरचा हिरवा दिवा दिसला. यंत्र चालू अवस्थेत होते आणि चेन सरकावी म्हणून ब्रेक मीच मागे ओढलेला होता. खटक्याला दुहेरी कुलूप असल्याने घडले काही नाही, पण पेट्रोलची करवत चालू असताना तिच्या चेनला हात लावण्याचा विचारही मनात येत नाही, कारण इंजिन ओरडून सांगत असते. येथे आवाज नाही म्हणजे यंत्र बंद आहे, असे कानांनी परस्पर ठरवून टाकले होते. त्या दिवसापासून चेनला, बारला किंवा झाकणाला हात लावण्याआधी बॅटरी काढून बाजूला, नजरेसमोर ठेवायची, हा क्रम मी एकदाही मोडलेला नाही. चेन ताणायची असली तरी हेच, धार लावायची असली तरी हेच.

शांतपणाचा दुसरा परिणाम खाली उभ्या असलेल्या माणसावर होतो. इंजिनाचा आवाज हा आजवर नकळत एका कुंपणासारखा काम करत होता. तो ऐकू येत असेपर्यंत कोणी झाडाखाली फिरकत नसे. नव्या करवतीसह काम सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझा मदतनीस, मी घाव घालून थांबलो आहे असे समजून, पडलेल्या डहाळ्या ओढायला थेट फांदीच्या खाली आला. मी तेव्हा फक्त पाय बदलत होतो आणि फांदी अर्ध्याहून अधिक कापलेली होती. तो वर बघून म्हणाला, "दादा, मला वाटलं झालं." चूक त्याची नव्हती. आता आम्ही शब्द ठरवून घेतले आहेत. मी "सोडतोय" म्हणायचे, त्याने बाजूला होऊन "मोकळं" म्हणायचे आणि ते उत्तर आल्याशिवाय शेवटचा घाव घालायचा नाही. गंमत अशी की याच शांतपणामुळे हे संभाषण आता ओरडल्याशिवाय होते. पूर्वी हातवाऱ्यांवर भागवावे लागे आणि पानांच्या दाटीत हातवारे दिसत नसत.

धारेच्या बाबतीतही कानांची सवय मोडावी लागली. पेट्रोलच्या करवतीत चेन बोथट झाली की इंजिनाचा सूर खाली येतो, बार फांदीत आवळला जाऊ लागला की तो आणखी दबतो आणि हात आपोआप मागे येतो. बॅटरीची मोटर शेवटपर्यंत तेवढ्याच जोमाने ओढते आणि भार सहन झाला नाही की एकदम बंद पडते. मधली सूचना फार थोडी मिळते. म्हणून आता मी भुसा पाहतो. धार चांगली असेल तर जाडसर, चपटे तुकडे उडतात. ती गेली की पिठासारखी बारीक पूड पडू लागते आणि करवतीवर जोर द्यावासा वाटतो. तो मोह झाला की थांबायचे. माझ्या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते आणि दात्याचा कोन ३० अंशांचा आहे. प्रत्येक दात्यावर आतून बाहेर दोन किंवा तीन फटके, पण सगळ्यांवर सारखेच. एका बाजूचे दाते लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड झाले तर घाव सरळ न जाता एका बाजूला वळतो. दात्याच्या पुढची जी लहान टेकडी किती खोल कापायचे हे ठरवते, ती मोजपट्टी ठेवूनच घासावी. माझ्या चेनसाठी दात्याची धार आणि तिच्यात ०.६५ मिलिमीटरचे अंतर दिलेले आहे. एकदा घाईत मी ती डोळ्यांच्या अंदाजाने जास्त घासली, तर करवत लाकडाला हिसके देऊ लागली. ती चेन टाकूनच द्यावी लागली. कंजूषपणा करून वापरली असती तर उसळी बसण्याची शक्यता वाढली असती.

उसळीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण हलकेपणाचा धोका तेथेच आहे. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग चालू चेनसह कशालाही टेकला की करवत वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि खांद्याकडे फेकली जाते. हे इतक्या झटक्यात घडते की माणसाची प्रतिक्रिया पोहोचत नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो पुढचा ब्रेक आणि पुढच्या मुठीभोवती अंगठा गुंडाळून धरलेला डावा हात. वरच्या मुठीच्या करवतीत दोन्ही मुठी एकमेकींच्या जवळ असल्याने मनगटांना तरफेचा आधार कमी मिळतो, त्यामुळे ती झाडावर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांनीच वापरावी असे उत्पादक पुस्तिकेत स्पष्ट लिहितात. तिचे वजन कमी असल्याने उजव्या हाताने करवत आणि डाव्या हाताने फांदी, असे काम करण्याची ओढ जबरदस्त असते. कापलेली फांदी नीट हातात येते, खाली काही मोडत नाही, वेळ वाचतो. परंतु तो डावा हात नेमका चेनच्या मार्गात असतो. सहाव्या महिन्यात, दोन्ही हात मुठींवर असताना, पानांआड दडलेल्या बोटभर डहाळीला टोक लागले आणि करवत टणकन उडून ब्रेक पडला. माझ्या डाव्या हातमोज्याने तो ब्रेक पुढे ढकलला होता. तो हात फांदीवर असता तर ब्रेक पडण्यासाठी यंत्रातल्या झटक्याने चालणाऱ्या व्यवस्थेवरच विसंबावे लागले असते. लहान फांद्यांसाठी मी आता कमरेला वाकड्या पात्याची हातकरवत ठेवतो आणि एका हाताचे सगळे काम तिच्यावर सोपवतो. दोन ते चार सेंटीमीटर जाडीपर्यंत ती फारशी मागेही पडत नाही.

झाडावर करवत चालवताना शरीर दोन स्वतंत्र जागी बांधलेले असावे, हा नियम पेट्रोलच्या करवतीइतकाच येथेही लागू आहे. एक चढण्याचा मुख्य दोर, दुसरी कमरेची पट्टी, आणि ती पट्टी शक्यतो पोलादी गाभ्याची. चालू चेनचा नुसता स्पर्श झाला तरी ताणलेला दोर पाहता पाहता तुटतो. पोलादी गाभा थोडा वेळ मिळवून देतो, अभेद्य मात्र नसतो.

प्रत्यक्ष छाटणीच्या दर्जात या यंत्राने फरक पडला का, तर माझ्या मते पडला, आणि तो चांगल्या दिशेने. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीची एक फुगीर कड असते. ती कड राखून, तिच्या लगेच बाहेर घाव घातला तर झाड स्वतःच्या ऊतींनी जखम बंद करत आणते. खोडाशी सपाट कापले तर ती संरक्षक कडच निघून जाते आणि कूज खोडात शिरते. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती कशा उभारते हे दाखवून दिले आणि जखमेला रंग किंवा लेप फासण्याच्या प्रथेलाही त्यांनी विरोध केला. हे सर्व माहीत असूनही गुरगुरणारे इंजिन हातात असताना शेवटचा घाव उरकण्याची घाई होत असे. आता खोडापासून साधारण ३० सेंटीमीटरवर आधी खालून एक तृतीयांश घाव घालतो, मग किंचित बाहेरून वरून कापून फांदीचे वजन उतरवतो, आणि उरलेल्या खुंटाजवळ करवत नेऊन, यंत्र थांबवून, कड कोठे संपते हे निवांत पाहतो. खालचा घाव वगळला तर फांदी पडताना खोडावरची साल पट्ट्यासारखी सोलून नेते, हे सांगायला नकोच.

बॅटरीविषयी अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. एका बॅटरीत १८० वॅट-तास ऊर्जा असते. मनगटाएवढ्या फांद्यांचे मला सत्तर-ऐंशी घाव मिळतात, मांडीएवढे ओंडके असले तर हा आकडा झपाट्याने कोसळतो. सलग खोल घाव घातल्यावर बॅटरी इतकी तापते की चार्जर ती थंड होईपर्यंत स्वीकारतच नाही, त्यामुळे दोन बॅटऱ्यांत अखंड काम चालेल हा हिशेब कागदावरच राहतो. मी तिसरी घेतली. शून्य अंशाखालच्या थंडीत लिथियम-आयन बॅटरी चार्ज करू नये, आणि काही महिने ठेवून द्यायची असेल तर अर्धी भरलेली ठेवावी.

एक तक्रार नोंदवतो. सातव्या महिन्यात बारला तेल पोहोचेनासे झाले, चेन निळसर पडू लागली. अधिकृत दुरुस्ती केंद्राने यंत्र तीन आठवडे ठेवून घेतले, पंप बदलावा लागेल असे सांगितले, मग सुटा भाग उपलब्ध नाही म्हणून तसेच परत दिले. घरी बार काढून पाहिला तर तेल येण्याचे बारीक छिद्र भुसा आणि सुकलेल्या वनस्पतीजन्य तेलाच्या लगद्याने बंद झाले होते. पातळ तारेने ते दोन मिनिटांत मोकळे झाले. आता दर आठवड्याला बार काढून खाच आणि छिद्र साफ करतो, परत बसवताना तो उलटा फिरवतो म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. ठेवून दिल्यावर खाली तेलाचा डाग पडतो, हा दोष मात्र माझ्या कोणत्याच उपायाला दाद देत नाही.

कानांच्या संरक्षणाबाबत गैरसमज नको. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरली आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी केली, तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात, आणि पेट्रोलची करवत कानाशी त्याहून अधिक आवाज करते. बॅटरीची करवत लाकडात असताना नव्वदीच्या घरात जाते. ९४ डेसिबलला हिशेब एका तासाचा येतो. म्हणजे कर्णरक्षक तिलाही लागतात. कंप मात्र खरोखर कमी आहे, संध्याकाळी बोटांना येणारा बधिरपणा गेला.

संरक्षक विजारीचा मुद्दा दुकानात मला कोणी सांगितला नव्हता. या विजारींतले लांब धागे चेनसोबत ओढले जाऊन चेन फिरवणारे चाक जाम करतात, आणि त्यांचे वर्ग चेनच्या वेगावर ठरतात. पहिला वर्ग सेकंदाला २० मीटर, दुसरा २४. परंतु विजेच्या मोटरची पिळशक्ती कमी वेगातही टिकून असल्याने चेन पेट्रोलच्या करवतीइतक्या लवकर अडकेलच असे गृहीत धरता येत नाही. मी विजार बदललेली नाही, कारण तिच्याविना काम करण्यापेक्षा ती केव्हाही बरी. मात्र मांडीला टेकवून करवत चालवण्याची, कधीकाळी लागलेली वाईट खोड पूर्ण सोडली आहे.

जुनी पेट्रोलची करवत मी अजून विकलेली नाही. बुंधा पाडणे, जाड ओंडक्यांचे तुकडे करणे आणि चार्जिंगची सोय नसलेल्या ठिकाणचे पूर्ण दिवसाचे काम तिच्याकडेच आहे. झाडावर मात्र गेल्या पाच महिन्यांत ती एकदाही चढलेली नाही.