थाळनेरची दिंडी आणि दोन मापं

वादविवाद स्पर्धेसाठी कोणती बाजू घ्यावी, हे विचारायला दोन विद्यार्थिनी आल्या होत्या. विषय होता : युद्धकाळातल्या वादग्रस्त नेत्यांना आजच्या नीतीने तोलावं की त्यांच्या काळच्या? त्यांच्या डोक्यात चर्चिल होता. मी म्हटलं, आधी थाळनेरला जाऊन या.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरच्या किल्ल्याचे पडके बुरूज आहेत. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला, पण किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेना. इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपने ताकीद दिली आणि २७ फेब्रुवारीला तोफा लावल्या. किल्लेदार स्वाधीन झाला. काही इंग्रज अधिकारी दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या लहान दारातून, आत शिरले, तिथे शिबंदीशी, म्हणजे किल्ल्यातल्या शिपायांशी, बोलणं फिसकटलं आणि झटापटीत मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. त्यावर इंग्रजांनी शिबंदीतल्या सुमारे ३०० माणसांची कत्तल केली. किल्लेदाराला फाशी दिली.

आता त्या काळचं माप लावा. तोफा सुरू झाल्यावरही अडून बसलेल्या शिबंदीला अभय द्यायलाच हवं असं बंधन तेव्हाच्या युरोपीय रीतीत नव्हतं. म्हणजे हिस्लॉप सुटला? नाही. १८१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने या मोहिमेबद्दल सैन्याचे आभार मानले, तेव्हा किल्लेदाराची फाशी त्यातून मुद्दाम बाजूला ठेवली. ज्यांना हे खटकलं अशी माणसं त्याच काळात, त्याच्याच देशात होती. ‘तेव्हा तसंच चालायचं’ म्हणणाऱ्याला मी हेच विचारते : कोणाला चालायचं? दिंडीच्या आत उभ्या असलेल्यांना कोणी विचारलं होतं?

आजच्या मापाचं बळ इथेच आहे, मेलेल्यांची बाजूही त्यात धरली जाते. पण त्याचा धोकाही खरा आहे. निकाल माहीत असताना न्याय करणं सोपं असतं, आणि त्या माणसाला तेव्हा काय ठाऊक होतं, दुसरी वाट होती का, हे पाहायचं राहून जातं. म्हणून कृत्य आजच्या मापाने मोजावं, पण माणसाचा दोष ठरवताना त्याच्यासमोर कोणते पर्याय होते ते पाहावं, असं माझं मत आहे.

चर्चिललाही हेच लावून बघा. १९४० मध्ये हिटलरपुढे तो झुकला नाही, हे त्याचं मोठेपण मी कमी करत नाही. पण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली. व्हाइसरॉय वेव्हेल धान्यासाठी लंडनला तारांवर तारा पाठवत होता. भारतमंत्री एमरीही मंत्रिमंडळात जहाजं मागत होता आणि चर्चिलच्या भारताबद्दलच्या वृत्तीवर आपल्या रोजनिशीत कडक शब्दांत लिहीत होता. दोघेही त्याच्याच सरकारचे. त्याला माहीत नव्हतं, असं कोणत्याच मापाने म्हणता येत नाही.

मुलींनी आजच्या मापाची बाजू घेतलीय. भाषणाची सुरुवात मात्र चर्चिलपासून करणार नाहीत, थाळनेरच्या दिंडीपासून करतील.