सूटवर सूट, आणि माझे ४१,६५० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. ४१,६५० रुपये. दोन सूट, एक माझा आणि एक भाच्याचा. आमच्या टेलरमास्तरांच्या हिशेबाने त्या दोन्हींचं मोल शिलाई धरून फार तर सात-आठ हजार.

लिहायला सहा महिने लागले, कारण लाज. मी अठरा वर्षं सेल्समध्ये आहे, पंपांचे सुटे भाग विकतो. गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल कसा मारतात हे मला कुणी शिकवायला नको. तरी माझ्याच गळ्यात मारला गेला, तोही टायसकट.

‘सूटची हौस कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. २०१६ साली एका डीलर मीटला मी चेक्सचा शर्ट आणि साधी पँट घालून हॉटेलच्या दारात उभा होतो. आमच्याच कंपनीच्या एका नव्या साहेबाने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, ‘सावलीत लाव.’ मी लावली. हो, लावली! संध्याकाळी त्याच साहेबासमोर मी विक्रीचे आकडे वाचून दाखवले, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण चावी माझ्या हातात पडायची ती पडलीच होती. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की चांगला कपडा तुमच्या आधी खोलीत शिरतो. कपड्यावर काय आहे, गुण महत्त्वाचे, वगैरे मला कुणी सांगू नये. गुण कळायला अर्धा तास लागतो, कोट दारातच दिसतो. हे मत आजही बदललेलं नाही. उलट, मी फसलो तो याच मतामुळे.

२०२४ च्या मे महिन्यात रीजनल मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखतीचं पत्र आलं. २४ जून, सोमवार, मुंबई. घरात ठरलं की या वेळी एक नीट सूट शिवायचा. त्याच आठवड्यात आमच्या शहरातल्या एका बऱ्यापैकी हॉटेलच्या हॉलवर बॅनर लागला: ‘सूटवर सूट! इटालियन वूल, फक्त दोन दिवस.’ अक्षय्य तृतीया १० तारखेला होती. मी दुसऱ्या दिवशी, ११ मे, शनिवारी दुपारी गेलो.

तिथे काय ‘योजना’ असते ते तुम्हाला माहीत आहेच. परदेशी पार्टीने ऑर्डर रद्द केली, माल अडकला, सोमवारी परत पाठवायचाय, तुम्ही आपले वाटलात म्हणून. त्यात नवं काही नव्हतं. नवा होता तो माणूस. चाळिशीचा, पिकू लागलेले कल्ले, अंगात करड्या रेघांचा सूट. खिशाच्या झाकणावरची रेघ कोटाच्या रेघेला तंतोतंत जुळलेली. बाहीची बटणं खरोखर उघडणारी, नुसती शोभेला टाचलेली नाहीत. बाहीखालून शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर. तो कोट अस्सल होता हे मी आजही मान्य करतो. त्याने एक खरा सूट अंगावर घातला आणि बाकी सगळे खोटे विकले. आपण मालाकडे बघायचं सोडून विकणाऱ्याच्या कोटाकडे बघत राहिलो. (‘आपण’ म्हणजे मी. तुम्ही शहाणे असाल.)

आता तो क्षण.

मी विचारलं, वूलच आहे कशावरून? माझ्या मते हा हुशारीचा प्रश्न होता. तो खूश झाला, म्हणाला, ‘सर, असं विचारणारं गिऱ्हाईक हवं.’ टेबलावर निळ्या कापडाचा तागा होता, त्याच्या काठावर इंग्रजीत ‘सुपर १८०’ विणलेलं. त्याने काठाशी काहीतरी चिमटलं, लायटर काढला आणि धागा जाळला. केस जळल्यासारखा वास. जळालेलं टोक बोटांत चुरडून राख दाखवली. लोकर अशीच जळते हे मला कुठेतरी वाचून माहीत होतं, त्यामुळे मीच मान डोलावली.

धागा राखाडी होता. कापड गडद निळं होतं.

हे मला तेव्हा दिसलं. नंतर आठवलं असं नाही, तेव्हाच, डोळ्यांनी दिसलं. आणि मी काय केलं? त्याने काही सांगायच्या आत मीच मनात उत्तर तयार केलं: आतला बाणा, म्हणजे आडवा धागा, राखाडी असेल, उभा ताणा निळा असेल, दोन रंग विणूनच ती झाक येत असणार. त्याला खोटं बोलावंच लागलं नाही, ते काम मी फुकटात करून दिलं. अजून रात्री दोनला जाग आली की तो धागा दिसतो. खऱ्या लोकरीचा तुकडा त्याने आधीच बोटांत धरून ठेवला असणार. चिमूटभर जादू, तीही लग्नात पोरांना दाखवतात त्या दर्जाची.

टॅगवर किंमत ३८,०००. मला १९,५००, दोन घेतले तर ३४,०००, शिलाईसकट. भाच्याचं कॅम्पस प्लेसमेंट तोंडावर होतं, मामाने एवढं तरी करावं म्हणून दोन घेतले. २०,००० जागेवर यूपीआयने. पैसे गेले ते खातं एका मोबाइल दुकानाच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणाला, ‘आमच्या पार्टनरचं आहे.’ बायकोने फोनवर विचारलं, ‘अहो, बिल नीट देतोय ना?’ मी म्हणालो, हो हो, जीएसटी नंबरसकट देतोय.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. हे मला पाठ आहे, कारण एक अक्षर चुकलं तरी मी डीलरचं बिल परत पाठवतो. या बिलावर चौदा होती. रोज जे मोजतो ते त्या दिवशी मोजलं नाही.

दोन दिवसांनी फोन. कोटाच्या छातीला आतून गोंदाने चिकटवलेला थर, म्हणजे फ्युजिंग टाकू, की टाके घालून सुटा बसवलेला कॅनव्हास? कॅनव्हास पाहिजे तर कोटामागे ३,५०० जादा. चांगल्या कोटात छातीला कॅनव्हास असतो एवढं ऐकून होतो, पाठवले ७,०००. कच्ची ट्रायल कधी, विचारलं तर ‘आमचं माप कॉम्प्युटरवर आहे, ट्रायल लागत नाही.’ कच्च्या टाक्यावर एकदा अंगावर घालून न बघता शिवलेल्या कोटाचे कुणी पैसे देऊ नका. कॉम्प्युटरला तुमचा उतरता डावा खांदा माहीत नसतो.

१० जूनला मिळायचे सूट २२ जूनला, शनिवारी आले, उरलेले १४,००० आणि कुरिअरचे ६५० घेऊन. मुलाखत सोमवारी. दुसरा काही इलाज होता का? सांगा. घातला आणि गेलो.

मुंबईत स्टेशनबाहेर पावसाची सर आली. छत्री होती तरी छातीवर थोडं भिजलं. रिसेप्शनवर बसलो होतो तेव्हा कॉलरच्या खाली, लॅपेलवर म्हणजे छातीवरच्या दुमडलेल्या पट्टीवर, भाकरीला पापुद्रा सुटावा तसे फुगे आले. हाताने दाबले की बसायचे, हात काढला की वर. मुलाखतीत समोर चौघे होते. त्यातल्या बाईंची नजर दोनदा त्या फुग्यांवर गेली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती शहाण्या माणसासारखी पटकन कागदावर नेली. एसीतही आत घामाच्या धारा, कारण पॉलिस्टर अंगाला श्वास घेऊ देत नाही. जागा मिळाली नाही. सूटमुळे नाही, असं बायको म्हणते. मीही तसंच म्हणतो.

परत आल्यावर कोट घेऊन जुन्या टेलरमास्तरांकडे गेलो, जिथे आधीच जायला हवं होतं. त्यांनी ब्लेडने अस्तर उसवलं. आत कॅनव्हास नव्हताच, गोंदाने चिकटवलेलं फ्युजिंग आणि तेही अर्धं सुटलेलं. काठाचा धागा काढून काडीने पेटवला. काळा धूर, आणि टोकाला टणक काळा मणी. ‘साहेब, हा टी.आर. आहे,’ एवढंच म्हणाले. पॉलिस्टर आणि व्हिस्कोस. फ्युजिंग वाईटच असतं असं नाही, स्वस्तातल्या कोटात तेच असतं आणि नीट केलेलं टिकतं, पण मग कॅनव्हासचे ७,००० कशाचे? बटणाच्या खाली कोटाचे दोन्ही थर चिमटीत धरून अलग करून बघा, मधे तिसरा थर सुटा हलला तर कॅनव्हास. दहा सेकंदांचं काम आहे.

आणि ते ‘सुपर’. हा आकडा लोकर किती बारीक आहे ते सांगतो. सुपर १०० म्हणजे १८.७५ मायक्रॉन, पुढे दर दहाला अर्धा मायक्रॉन कमी. म्हणजे सुपर १८० ची लोकर १४.७५ मायक्रॉनची, ती खरी असती तर निव्वळ कापडच माझ्या बजेटबाहेर गेलं असतं. शिवाय एवढी नाजूक लोकर लगेच चुरगळते आणि विरते, एसटीने फिरणाऱ्या माणसाला सुपर १०० किंवा १२० पुरे. म्हणजे माल अस्सल असता तरी मी चुकीचाच घेतला असता!

भाच्याचा फोन आला: ‘मामा, पँट बसल्यावर मागून उसवली.’ त्याला मी सांगितलं, वजन कमी कर. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही.

आता तक्रारीची कहाणी. हॉटेलवाले म्हणाले, हॉल भाड्याने दिला होता, आमचा संबंध नाही, ओळखपत्राची झेरॉक्स हवी तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, हॉटेलकडून नाव-पत्ता आणा, मग अर्ज घेऊ. पुढच्या खेपेला सांगितलं की २६ जूनला शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आहे, माणसं बंदोबस्ताला गेलीत. निवडणूक झाल्यावर गेलो तर १ जुलै उजाडला होता आणि दंड संहितेच्या जागी नवा कायदा लागू झाला होता. ‘चारशेवीस आता राहिलं नाही, तीनशेअठरा झालंय, सिस्टीममध्ये नीट येऊ द्या.’ मी म्हणालो, मला मे-जूनमध्ये फसवलंय, तेव्हा चारशेवीसच होतं. त्यावर ‘तुम्ही वकील आहात का?’ हवालदारांनी कोट हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, ‘सूट तर मिळाला ना? चांगला दिसतोय की. मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे.’ बाजूच्या टेबलावरचा एकजण हसला. ते हसू मला ४१,६५० पेक्षा जास्त लागलं.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः, राजीखुशीने पाठवलेत, खातेदाराची माहिती देता येत नाही. कराच्या कार्यालयात एका बाईंनी नंबर तपासला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘या नंबरचा व्यापारीच नाही. जो नाहीच, त्याच्यावर कारवाई कशी करणार?’ मी जिना उतरताना ते वाक्य तीनदा म्हणून बघितलं. तर्कात चूक सापडली नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, वाचायला फार सुंदर. बिल न देणं आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो ना! बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेलं माझं रजिस्टर्ड पत्र ‘असा इसम येथे राहत नाही’ शेरा घेऊन परत आलं. म्हणून सांगतो, दोन दिवसांच्या प्रदर्शनात पैसे द्यायच्या आधी त्या माणसाचं कायमचं दुकान कुठे आहे ते विचारा आणि त्याच्या समोर त्या दुकानाला फोन लावा. जीएसटी नंबर पोर्टलवर तिथेच टाकून बघा. धागा तुम्ही स्वतः काढा, तुमच्या कापडातून, तुमच्या नखाने, आणि काडीही तुमची असू द्या. पैसे दुसऱ्याच नावावर जात असतील तर फोन खिशात ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार पहिल्याच आठवड्यात नोंदवा, माझ्यासारखी ट्रायलची वाट बघत बसू नका.

नवीन सूट मी मास्तरांकडेच शिवायला टाकलाय. साधा टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर-लोकर मिसळीचा, ट्रायल दोनदा झाली. घरात कुणी काही बोललं नाही, पण बायकोने बिल स्वतःच्या हातात घेऊन अक्षरं मोजली.

मागच्या आठवड्यात हवालदारांनी एवढं मात्र सांगितलं: एकट्याच्या अर्जावर काही होणार नाही, आणखी दोन-तीन तक्रारदार आणा, मग बघू. ११ मेच्या त्या शनिवारी हॉलमध्ये माप द्यायला माझ्यापुढे सातजण उभे होते. एक बँकेतले वाटत होते, त्यांनी तीन सूट घेतले. एक तरुण मुलगा वडिलांबरोबर आला होता, साखरपुड्यासाठी. त्या सातजणांपैकी कुणी हे वाचत असाल, तर तुमच्याही कोटाला फुगे आले असणार आणि तुम्हीही घरात कुणाला बोलला नसाल. बिल टाकून दिलं असेल तरी यूपीआयची नोंद फोनमध्ये आहे, ती चालते. कोट घेऊन पोलीस ठाण्यात या. मी बुधवारी पुन्हा जाणार आहे.