एसडीआयसाठी बेल्डन १६९४ए: कायमच्या जोडणीला भरवशाची केबल
सभागृहातील कॅमेऱ्यापासून स्विचरपर्यंत (कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवायचे ते निवडणाऱ्या यंत्रापर्यंत) एसडीआयने, म्हणजे केबलवरून डिजिटल व्हिडिओ नेण्याच्या व्यावसायिक पद्धतीने, एचडी चित्र न्यायचे असेल, तर बेल्डनची १६९४ए ही ७५ ओहमची कोॲक्सियल केबल मी निःसंकोच सुचवेन. मध्ये तांब्याची एकच भरीव तार, भोवती फोम, त्यावर फॉइल आणि जाळी अशी रचना असल्यामुळे १.४८५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाचा एचडी-एसडीआय सिग्नल लांब अंतरावरही शाबूत राहतो. एसडीआयमध्ये चित्र हळूहळू पुसट होत नाही. केबलच्या लांबीची मर्यादा ओलांडली की आधी ठिपके चमकतात आणि थोड्याच अंतरात चित्र पूर्ण नाहीसे होते, म्हणून केबलवरची काटकसर ऐन कार्यक्रमात महागात पडते. या केबलच्या टोकाला लावायचा बीएनसी कनेक्टर पाव फेऱ्यात पक्का बसतो, हे सुख एचडीएमआयला नाही. मात्र भरीव तारेमुळे केबल ताठ आहे. रोज गुंडाळायची असेल, तर बहुतारी गाभ्याची लवचीक केबलच घ्यावी.