लाल सरबतासाठी बीट की अंबाडी?

लग्नसराईत किंवा स्टँडजवळ टेबल टाकून लाल सरबत द्यायचं, पण पुडीतला रंग नको, असं ठरवलं की आमच्या वऱ्हाडात हिंडून फिरून दोनच गोष्टी उरतात. बीट, नाहीतर लाल अंबाडीची बोंडं. जांभूळ पिकेपर्यंत लग्नं आटोपलेली असतात. संत्र्याचा आणि गाजराचा रंग तेलात विरघळणारा, पाण्यात तो हवा तसा उतरत नाही. पळस होळीलाच बरा. मी आधी तीन उन्हाळे बीट वापरलं, आता अंबाडीवर आहे. तुमच्याकडे वेगळा अनुभव असू शकतो.

बीटाचं आधी सांगतो, कारण सुरुवात करणाऱ्याला ते सोपं. बाजारात बारमाही मिळतं. किसा, पिळा, झालं. मध्यम आकाराच्या एका बीटात माझे दहा-बारा ग्लास रंगायचे, आणि रंग असा की येणारा-जाणारा थबकावा. मातीचा वास येतो हे खरं. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास उठतो, तो ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य बीटातही असतं. पावसात गोड वाटतं, ग्लासात नाही. पण लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याने तो बराच दबतो. दुसऱ्या दिवशी काहींना लघवी लाल होते आणि ते घाबरतात, तेवढं आधीच सांगून ठेवावं. हे सगळं मी चालवून घेतलं असतं.

बिनसलं ते पुतणीच्या साक्षगंधाला. मे महिना, आमचं गाव दर्यापूरकडचं, पारा पंचेचाळीसच्या पुढे. आदल्या संध्याकाळी साखर विरघळावी म्हणून बीटाचा रस पाकात घालून जरा उकळला, दोन गंज भरून ठेवले. एक फ्रिजमध्ये मावला, एक ओल्या पोत्यात गुंडाळला. रात्री लाईन गेली ती उजाडताना आली. सकाळी झाकण उघडलं तर पोत्यातला गंज तपकिरी आणि फ्रिजमधला त्याच वाटेवर. तरी लिंबू पिळून दिलं. व्याह्यांकडचा एक जण ग्लास उजेडाकडे धरून म्हणाला, "भाऊ, हा चहा हाय का सरबत?" चवीला काही वाईट नव्हतं, पण दुसरा ग्लास कोणी मागितला नाही. शेवटी पोराला पळवलं आणि दुकानातल्या बाटल्या आणल्या. ज्या रंगापासून सुटका हवी होती, त्याच रंगाच्या.

बीटाच्या लालीला बिटानिन म्हणतात. तिला उष्णता सोसत नाही, उजेड आणि हवाही नाही. कारखान्यातून निघणारा बीटाचा रंग, पाकिटावर ई १६२ लिहितात तो, आइस्क्रीम-दह्यासारख्या थंड मालात जास्त दिसतो तो त्यामुळेच. आता ज्या गावात फ्रिज लाईनच्या मर्जीवर चालतो, तिथे हा रंग सांभाळणं म्हणजे उन्हात बर्फ राखणं.

अंबाडीचा रंग दुसऱ्याच घराण्यातला, अँथोसायनिन. जांभळात, गोकर्णात, वांग्याच्या सालीत तोच. बीटाच्या भाऊबंदात लाल माठ, बोगनवेल आणि निवडुंगाचं लाल बोंड. गंमत अशी की ही दोन घराणी एका झाडात कधी एकत्र नांदत नाहीत. अँथोसायनिनला आंबटपणा मिळाला की तो लाल राहतो, आणि अंबाडी मुळातच आंबट. राखण तिची तीच करते. उकळून उकळून मारलं तर तिचाही रंग उतरतो, नाही असं नाही. पण माझा पाक बाटलीत, फ्रिजबाहेर, चार-पाच दिवस लाल राहिलेला आहे. सुदान-इजिप्तसारख्या तापत्या मुलखात लोक हीच बोंडं वाळवून पितात, करकदे म्हणतात.

आता तिचे नखरे. बोंडं दिवाळीनंतर येतात, तेव्हाच सोलून वाळवावी लागतात. आतल्या बियांच्या बोंडावर बारीक लव असते, ती बोटांना चावते. आमच्या घरी हे काम कोणी खुशीने करत नाही. साखर बीटापेक्षा जास्त लागते. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका, आंबट पाणी भांडं खातं. स्टील घ्या.

आणि पाणी. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे विहिरींना खारं पाणी. पहिल्या वर्षी घरच्यांनी गाळायचं लालभडक फडकं विहिरीच्या पाण्यात बुडवलं, ते डोळ्यांदेखत निळं-हिरवं झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोरचूद पडला का वो त्याच्यात?" कोणी काही टाकलं नव्हतं. असं सोड्यासारखं खारं पाणी लागलं की हा रंग निळ्याकडे झुकतो. त्याच फडक्यावर लिंबू पिळलं तर पुन्हा लाल. घट्ट पाकाला काही होत नाही, पण त्याच विहिरीच्या पाण्यात सरबत पातळ केलं तर जांभळट, मेल्यासारखं दिसतं. धरणाचं नळाचं पाणी किंवा कॅनचं पाणी वापरा, नाहीतर ग्लासामागे चार थेंब लिंबू.

तांदळाच्या पापडाला रंग द्यावा म्हणून विचारणारेही भेटतात. तिथे दोघांनाही हात लावू नका. पापडखार पडला की अंबाडी राखाडी होते. बीटाचा पापड लाटताना गुलाबी असतो, पण चार दिवस ऊन खाऊन कढईत पडला की मळका निघतो. पापड पांढराच चांगला.

घरी इन्व्हर्टर असेल, सरबत केल्या तासात संपणार असेल, किंवा ऐनवेळी पाहुणे टपकले असतील तर बीट घ्या, त्यात वावगं काही नाही. कोशिंबिरीला मीही तेच आणतो. पण विकायचं असेल, आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल, तर मी तरी अंबाडीच्या पिंपाशेजारी निवांत झोपेन.

बाजारात वाळलेली बोंडं मिळतात, पण भाव पाहून जीव खालीवर होतो. एकदाच घ्या, तीही बियांसकट मिळाली तर बघा. सोलताना निघालेलं बी टाकू नका. मृगात धुऱ्यावर, कपाशीच्या कडेने दोन ओळी पेरल्या की पुढच्या उन्हाळ्याची सोय होते. कोवळा पाला भाजीलाही येतो.